तोरणमाळची वाट आणि आबांच्या खुर्चीची मापे

नोव्हेंबरमध्ये माझे थोरले बंधू आबा यांना घेऊन आम्ही शहाद्याहून तोरणमाळला गेलो. विहिरीच्या कामावर झालेल्या अपघातात त्यांची कमरेखालची संवेदना गेली, आणि तेव्हापासून सातपुडा त्यांनी फक्त घराच्या गच्चीवरून पाहिला होता. त्यासाठी जाड टायरची, पुढे तिसरे मोठे चाक जोडता येणारी, खडकाळ वाटेवर चालणारी चाकाची खुर्ची आम्ही जुन्यात घेतली. खुर्ची मजबूत होती, परंतु ती दुसऱ्याच्या अंगाला बेतलेली होती.

निघण्यापूर्वी अंगणात दोन संध्याकाळी आम्ही ती आबांच्या मापाला आणली. नितंबांच्या दोन्ही बाजूंना तळहात उभा सरकेल एवढीच जागा ठेवली, कारण त्याहून रुंद बैठकीत अंग एका बाजूला कलते. गुडघ्याची मागची बाजू आणि बैठकीची कड यांत दोन-तीन बोटांचे अंतर राखले. इथवर सारे नीट झाले. पायठाण, म्हणजे पाय ठेवायची फळी, मात्र दगडाला लागेल या भीतीने मी दोन भोके वर चढवले, आणि तीच माझी चूक झाली.

पायठाण उंच झाले की गुडघे वर येतात, मांड्या गादीवरून सुटतात आणि अंगाचा सगळा भार बसण्याच्या दोन हाडांवर येतो. आबांना ते जाणवणे शक्यच नव्हते. यशवंत तलावाच्या काठाने तासभर फिरून मुक्कामी आलो, तेव्हा उजव्या बाजूला रुपयाएवढा लाल डाग दिसला आणि अर्ध्या तासानेही तो गेला नाही. ज्यांना संवेदना नाही, त्यांच्या बाबतीत दुखण्याची वाट पाहून चालत नाही. डोळ्यांनी पाहावे लागते. आबा शांतपणे म्हणाले, “उद्याची सीताखाईची दरी राहू दे. आधी खुर्ची नीट कर.” दुसरा दिवस त्यांनी कुशीवर पडून काढला.

मी पायठाण खाली घेतले आणि मांडीखाली हात घालून ती गुडघ्यापर्यंत सारखी टेकते याची खात्री केली. पुढचे मोठे चाक जोडल्यावर खुर्चीची पुढची लहान चाके जमिनीवरून उचलली जातात आणि पायठाणही थोडे वर येते, त्यामुळे दगडाची माझी भीती मुळात निराधार होती. पायठाण आणि जमीन यांतले अंतर चाक जोडूनच मोजावे.

मागच्या चाकांचा आस पुढे असला, तर खुर्ची हलकी चालते, पण चढावर मागे उलटू पाहते. घरच्या फरशीवर आबांना तो पुढेच आवडत असे; इथे आम्ही तो एक भोक मागे नेला आणि उलटू न देणारी मागची छोटी चाके खाली केली. मऊ मातीसाठी टायरमधली थोडी हवाही सोडली. तेवढ्यात उतारावर ब्रेक ओढूनही खुर्ची हळूहळू सरकू लागली. हे ब्रेक टायरवर दाबून बसतात. हवा कमी झाली किंवा आस सरकला की त्यांची पकड जाते. म्हणून आधी बैठक व पायठाण, मग आस, मग हवा आणि सर्वांत शेवटी ब्रेक, हा क्रम ठेवावा, आणि ब्रेक बसणाऱ्यासह उतारावर तपासावेत. तेव्हा एका माणसाने मागे मूठ धरून उभे राहावे.

प्रत्येक बदलापूर्वी मूळ भोकावर रंगाची खूण करून ठेवावी. नट-बोल्टचे पाने, अ‍ॅलन की (षटकोनी किल्ली), पंप आणि पंक्चरचे सामान शहाद्यातच घ्यावे, कारण बाभळीचा काटा जाड टायरलाही सोडत नाही. घाट वळणावळणाचा असल्याने गाडीतही दर वीस-तीस मिनिटांनी अंग पुढे किंवा बाजूला झुकवून भार हलवावा. महाशिवरात्रीला गोरखनाथाची यात्रा भरते. गर्दीत खुर्ची वळवायला जागा मिळत नाही, तेव्हा ते दिवस टाळावेत.

तिसऱ्या दिवशी सकाळी डाग पूर्ण गेलेला होता. आम्ही सीताखाईपाशी पाऊण तास थांबलो, आणि आबांनी मधे दोनदा हातांवर जोर देऊन स्वतःला उचलून घेतले.