सुटला

झोप लागेना म्हणून वही उघडली. डोक्यात सकाळपासून एकच शब्द. सीबीएस बसस्थानकासमोर चहा घेताना कुणी कुणाला सहज म्हणालं, "कोकाटे? तो काय, सुटला ना लगेच!"

२० फेब्रुवारी २०२५ ला आपल्याच नाशिकच्या कोर्टात तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांना सदनिका प्रकरणात, म्हणजे खोटी कागदपत्रं देऊन सरकारी कोट्यातली घरं घेतल्याबद्दल, दोन वर्षांची शिक्षा लागली, तेव्हा केवढा आनंद होता गावात! जामीन झाला आणि तोच आनंद चिडीला आला. सेटिंग झाली म्हणे. पुढे वरच्या कोर्टांत काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे, ते नकोच.

पण सुटला? आधीपासून जामिनावर असलेल्याला तीन वर्षांपर्यंतची शिक्षा लागली आणि त्याला अपील करायचं असेल, तर तेच कोर्ट अपिलापुरता जामीन देतं. नाकारायला खास कारण लागतं. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं ३८९ (३), १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं ४३०. पंचवटीतल्या हातगाडीवाल्यालाही हेच कलम. मग तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील, तिथे शिक्षेला स्थगितीचा अर्ज. दोषसिद्धीला, म्हणजे दोषी ठरवण्यालाच, स्थगिती वेगळी, ती क्वचित मिळते आणि आमदारकी तिच्यावरच टांगलेली असते, कारण दोन वर्षं शिक्षा लागली की पद लगेच जातं. सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा लिली थॉमस निकाल. पेपरात मात्र दोन्हीला नुसतं 'स्थगिती'. लोकांनी काय समजायचं?

आणि समजावायला जावं तर आपणच कोकाटेंचे वकील ठरतो. आज फार एकटं वाटलं. सुटला, सुटला. इतका सोपा शब्द.

राग खोटा नाही, हे मात्र लिहिता लिहिता पटतंय. हातगाडीवाल्याचा जामीन मंजूर होतो आणि तरी तो नाशिकरोडच्या तुरुंगात आतच राहतो. जामीनदाराकडे सात-बारा हवा, नाहीतर तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने तो माणूस कुठून आणायचा? सर्वोच्च न्यायालयाच्या १९७८ च्या निकालातला मोतीराम गवंडी असाच अडकला होता: दहा हजारांचा जामीन, भावाची मालमत्ता परजिल्ह्यात, म्हणून मॅजिस्ट्रेटने भाऊ नाकारला. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी तेव्हाच खडसावलं होतं. दाखले अजून तेच मागतात.

२०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाचा निर्देश आहे: जामीन होऊन सात दिवसांत कैदी बाहेर आला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. अट सैल करायचा अर्ज तिथून होतो, वकील फुकट मिळतो. मंत्र्याचा जामीन तासातासाने मोजणाऱ्या टपरीवर हे सात दिवस कुणी मोजत नाही.

उद्याही कुणी 'सुटला' म्हणेलच. म्हणू दे. त्याच्या ओळखीचं कुणी आत असेल तर १५१०० हा मोफत कायदेशीर मदतीचा नंबर तेवढा लिहून द्यायचा.