दार कोण लावणार?

वडगावात राहतो मी. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात प्लंबिंगची कंत्राटं घेतो. पुणे-बेंगळूर हायवेवरच्या एका हॉटेलचं काम माझ्याकडे होतं. मालक स्वतःच म्हणाले, "एक टॉयलेट व्हीलचेअरवाल्यांसाठी कर बघ." 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं खाजगी सेवा देणाऱ्यांवरही ही जबाबदारी टाकली आहे, पण मालकांना कायदा सांगावा लागला नाही. गाडीतून उतरणाऱ्या म्हाताऱ्यांचे हाल ते रोज बघत होते.

केंद्राच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांतली मापं मी घेतली. दाराची मोकळी रुंदी 900 मिमी, खुर्ची वळायला 1500 मिमीचा गोल, कमोडची उंची 450 ते 480. दारावर निळं चिन्हही लावलं. मनाला समाधान होतं.

चालू करायच्या आदल्या दिवशी आमच्या गल्लीतल्या टेलर काकांना घेऊन गेलो. काका लहानपणापासून व्हीलचेअरवर.

काका आत गेले आणि तिथूनच हाक मारली, "खुर्ची आली रे आत, पण दार कोण लावणार?"

दार आत उघडणारं. ते खुर्चीच्या पायपट्टीला अडत होतं. बेसिन खांबावर बसवलेलं, त्यामुळे गुडघे खाली जाईनात. जेट स्प्रे कमोडच्या मागच्या भिंतीला. तिथवर हात न्यायचा तर काकांना पूर्ण वळायला लागत होतं, आणि तेच त्यांना जमत नाही.

मग त्यांनी भिंतीचा स्टीलचा बार धरला, खुर्चीतून अंग उचललं आणि बार भिंतीतून सुटला. मी शेजारीच होतो म्हणून काखेत हात घालून धरता आलं. टाइल्समागची ती भिंत सिपोरेक्सची. त्या हलक्या, बारीक छिद्रांच्या सिमेंट ब्लॉकात मी साधे फास्टनर मारले होते. चूक सर्वस्वी माझी. काका खुर्चीत टेकले, श्वास घेतला आणि म्हणाले, "आम्ही सगळं वजन ह्याच्यावर टाकतो, पोरा. टॉवेल वाळवायची दांडी नव्हे ही."

त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांच्या आई वॉकर घेऊन आल्या. त्यांची अडचण वेगळीच. काकांना कमोडच्या एका बाजूला खुर्ची लावायला जागा मोकळी हवी, तर आजींना उठताना दोन्ही हातांना आधार हवा. म्हणून भिंतीकडे पक्का बार आणि मोकळ्या बाजूला वर उचलता येणारा बार, असं ठरवलं. भिंत फोडली, मागे लोखंडी प्लेट घातली, आरपार बोल्ट मारले. एकेका बारवर मी आणि माझा फिटर दोघं लोंबकळून बघितलं. बेसिन भिंतीला टांगलं, जेट पुढे आणला. दार काढून सरकतं केलं, आतून ओढायला लांब दांडी आणि मुठीनंही फिरेल अशी मोठी कडी.

काका पुन्हा आले. आत गेले, दार सरकलं, कडी लागल्याचा आवाज आला. बाहेर मालक आणि मी काही न बोलता उभे होतो.

हॉटेलच्या दारातल्या दोन पायऱ्या अजून तशाच आहेत. उंची 300 मिमी, म्हणजे 1:12 उतारानं (उंचीच्या बारापट लांबी) 3.6 मीटर रॅम्प. एका गाडीची पार्किंगची जागा जाते. मालक म्हणाले, "जाऊ दे ती." सोमवारी आखणी आहे, काका येतो म्हणालेत.