लार्रापासून लोर्कापर्यंत: एका पेपरची तयारी

एम. ए. स्पॅनिशसाठी दिल्लीला गेले तेव्हा वर्गात सगळ्यांना धास्ती होती ती एकाच पेपरची. रोमँटिसिझमपासून (भावना आणि कल्पनेला पहिलं स्थान देणारी चळवळ) वान्ग्वार्दियापर्यंतचा (विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या प्रयोगशील चळवळी) स्पॅनिश साहित्याचा इतिहास. जेमतेम शंभर वर्षांचा काळ, पण चळवळी सात-आठ आणि प्रत्येकीमागे नावांची रांग. हल्ली स्पॅनिश घेतलेली मराठी मुलं या पेपरबद्दल विचारतात, म्हणून मी त्याची तयारी कशी केली ते लिहिते.

वहीच्या डाव्या पानावर मी स्पेनमध्ये काय घडलं ते लिहायचे, उजव्या पानावर त्या वेळी काय छापलं गेलं ते. पहिली नोंद १८३३ची. राजा सातवा फर्नांदो वारला आणि परागंदा झालेले उदारमतवादी लंडन-पॅरिसहून परत येऊ लागले. त्यांच्यासोबत नवं, रोमँटिक साहित्यही आलं. जर्मनी-इंग्लंडात जे कधीच रुजलं होतं ते स्पेनमध्ये इतक्या उशिरा का फुललं, याचं मोठं कारण या एका नोंदीत मिळतं. लेखक रिवासचा ड्यूक स्वतः असाच परतलेला. त्याचं 'दोन आल्वारो' हे नाटक १८३५ साली रंगमंचावर आलं.

उपरोधिक लेख लिहिणारा पत्रकार लार्रा याचा सरकारी दिरंगाईवरचा लेख मात्र मी मोठ्याने वाचून काढला. एक फ्रेंच गृहस्थ पंधरा दिवसांत कामं उरकायची म्हणून माद्रिदला येतो. प्रत्येक दारात त्याला उद्या यायला सांगतात आणि सहा महिन्यांनी तो हात हलवत परत जातो. आपल्याकडे तहसील कचेरीत खेटे घातलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. १८३७च्या फेब्रुवारीत लार्राने स्वतःवर गोळी झाडून घेतली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. त्याच्या दफनाच्या वेळी एका अनोळखी तरुणाने कविता वाचली आणि तो रातोरात प्रसिद्ध झाला. तो कवी थोर्रिया. पुढे १८४४ साली त्याने 'दोन हुआन तेनोरियो' हे नाटक लिहिलं आणि दरवर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला, सर्व संतांच्या दिवसाच्या सुमारास, ते करायची स्पेनमध्ये प्रथाच पडली.

हे नाटक नीट वाचून ठेवा, कारण ते पुढे पुन्हा भेटतं, आणि तिथेच मला या पेपरची किल्ली सापडली. क्लारिनची 'ला रेखेन्ता' (१८८४-८५) ही कादंबरी म्हणजे वास्तववादाचं शिखर. सुरुवातीलाच दुपारचं जेवण पचवत झोपलेलं वेतुस्ता शहर, आणि कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर चढून दुर्बिणीतून ते शहर न्याहाळणारा पाद्री फेर्मिन. गावावर त्याची केवढी पकड आहे, हे त्या दुर्बिणीतूनच कळतं. पुढे नायिका आना ओथोरेस नाटकाला जाते. नाटक कुठलं? 'दोन हुआन तेनोरियो'च. गावची बडी मंडळी एकमेकांना बघायला आलेली असतात. आना एकटी मनापासून हेलावते. रोमँटिसिझम एका माणसाचं काय करतो, हे वास्तववादी लेखक शांतपणे दाखवतो. चळवळ संपली की तिचं पान मिटत नाही, ती पुढच्या पुस्तकात जाऊन बसते. हे कळल्यावर मी सनावळ्या घोकणं सोडलं आणि कुठलं पुस्तक कुणाला आठवतंय ते शोधू लागले.

रोमँटिक वळणाचा कवी बेकेर याच्या कविता त्याच्या मृत्यूनंतर १८७१ साली पुस्तकरूपात आल्या, तेव्हा वास्तववादी गाल्दोसच्या कादंबरीलेखनाला सुरुवात झालेली होती. लेखिका पार्दो बाथानने निसर्गवादाची (माणूस वंश आणि परिस्थितीने घडतो असं दाखवणाऱ्या टोकाच्या वास्तववादाची) बाजू मांडली, त्यावर बराच वाद झाला; तो भाग परीक्षेपुरता पुरे.

१८९८ला क्युबा, पोर्तो रिको, फिलिपिन्स या वसाहती स्पेनच्या हातून गेल्या. उनामुनो, बारोहा, माचादो या लेखकांची पिढी त्या धक्क्याशी जोडतात. पण त्याच्या दहा वर्षं आधी निकाराग्वाचा कवी रुबेन दारियो याचं 'आसुल' हे कथा-कवितांचं पुस्तक चिलीत छापून झालं होतं. साहित्याचा ओघ पहिल्यांदाच अमेरिकेकडून स्पेनकडे उलटा वाहिला, आणि मला ही या शंभर वर्षांतली सगळ्यात मोठी घटना वाटते. वाये-इन्क्लानच्या 'लूथेस दे बोएमिया' या नाटकात (१९२०) हा दारियो चक्क पात्र म्हणून येतो. त्याच नाटकात आंधळा कवी माक्स माद्रिदच्या एका गल्लीतल्या अंतर्गोल आरशांचा दाखला देतो: प्राचीन वीरांना त्यांत बघितलं की वेडीवाकडी विद्रूप आकृती दिसते, आणि स्पेनची शोकांतिका तशीच लिहावी लागेल. वाये-इन्क्लानला कुठल्या खान्यात घालायचं, हा प्रश्न मी तिथेच सोडून दिला.

लेखी परीक्षेत प्रश्न आला: वान्ग्वार्दिया म्हणजे परंपरेशी फारकत का? मी १९२७च्या डिसेंबरपासून सुरुवात केली. लोर्का, आल्बेर्ती, गियेन ही नव्या कवींची मंडळी सेव्हिलला जमली होती ती सतराव्या शतकातल्या गोंगोरा या कवीच्या मृत्यूच्या त्रिशताब्दीसाठी. लोर्काच्या 'रोमान्थेरो हितानो' या कवितासंग्रहात तर जुन्या लोकगाथांचाच आठ अक्षरांचा छंद आहे आणि त्यावर स्वप्नातल्यासारख्या प्रतिमा. उत्तर लिहिता लिहिता वेळ संपली, पण जे लिहिलं ते माझं होतं. पेपर चांगला गेला.

तुम्ही यंदा हा पेपर घेणार असाल तर 'ला रेखेन्ता' मे महिन्याच्या सुट्टीतच हातात घ्या. सेमिस्टर सुरू झालं की ती पुरी होत नाही. नाटकं मात्र दोघांत भूमिका वाटून मोठ्याने वाचा, 'तेनोरियो' आधी.