जॉर्ज कोल्थार्ड: नोंदवहीचं काम कुठवर आलं

एकोणिसाव्या शतकातला ऑस्ट्रेलियन फुटबॉलपटू, क्रिकेटपटू आणि पंच जॉर्ज कोल्थार्ड याच्यावर मी नोंदवही करतोय, तिची पानं आता भरायला लागलीत. क्रिकेटवाले त्याला एका धावचीतच्या निर्णयापुरतंच ओळखतात, म्हणून फुटबॉल आधी घेतला.

मेलबर्नचा (व्हिक्टोरियातला) कार्लटन क्लब, 1876 ते 1882. हा फुटबॉल म्हणजे ऑस्ट्रेलियन नियमांचा. व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशनचं 1877 चं पहिलंच विजेतेपद कार्लटनने पटकावलं, तेव्हा हा संघात होता. एकेका बाजूला वीस गडी, चेंडू लंबगोल आणि निकाल निव्वळ गोलांवर. त्यामुळे आकडे तुटपुंजे. माणूस कळतो तो सामन्यांच्या वृत्तांतातून. ट्रोव्हवर, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर, ही जुनी वर्तमानपत्रं फुकट वाचता येतात, पण यंत्राने ओळखलेल्या मजकुरात ‘एच’चा ‘बी’ होतो आणि नाव शोधात सापडतच नाही. मी आता ‘कार्लटन’ आणि तारीख टाकून पान उघडतो आणि डोळ्यांनी वाचतो. वेळखाऊ आहे, पण गोल कोणी केले ते तिथेच मिळतं.

1877 मध्येच संघ सिडनीला तिथल्या वाराटा या रग्बी क्लबशी खेळायला गेला. एक सामना रग्बीच्या नियमांनी, एक व्हिक्टोरियाच्या. ज्याचे नियम तो जिंकला. त्याच दौऱ्यात होडीतून मासे धरताना शार्कने कोट पकडून कोल्थार्डला पाण्यात ओढलं. गडी वाचला!

आता ते धावचीत. 8 फेब्रुवारी 1879, सिडनी. लॉर्ड हॅरिसच्या इंग्लिश संघाविरुद्ध न्यू साउथ वेल्सच्या बिली मर्डोकला पंच कोल्थार्डने बाद दिलं आणि प्रेक्षक मैदानात घुसले. पंच प्रतिस्पर्धी व्हिक्टोरिया वसाहतीचा, हीच मोठी चीड. हॅरिसलाही काठीचा फटका बसला. दुसरे पंच होते एडमंड बार्टन, म्हणजे ऑस्ट्रेलियाचे पुढचे पहिले पंतप्रधान. आणि हॅरिस? तोच 1890 मध्ये मुंबईचा गव्हर्नर होऊन आला. आपल्या मुंबईच्या शाळांची क्रिकेटची हॅरिस शील्ड त्याच्याच नावाची.

दोन कसोटींत पंच झाल्यावर फेब्रुवारी 1882 मध्ये कोल्थार्ड स्वतः कसोटी खेळला. अकराव्या क्रमांकावर नाबाद 6, बस्स. ऑक्टोबर 1883 मध्ये क्षयाने गेला, वय 27.

सध्या 1880 चा हंगाम हातात आहे. त्या वर्षीच्या कार्लटनच्या सामन्यांचं कोणी आधीच टिपण केलं असेल तर द्या, माझी 1877 ची पानं बदल्यात पाठवतो.