न्हावाशेवा ते कोल्हापूर, 25 टन: मीटरवरचं ॲव्हरेज सहाला सात दाखवत होतं

जुना दहाचाकी ट्रक घेताना डॅशबोर्डवरच्या किलोमीटरवरून काढलेलं ॲव्हरेज मान्य करू नका, मग दाखवणारा कितीही ओळखीचा असो. या फेरीतल्या गाडीचं ॲव्हरेज विकणाऱ्याने साडेचार सांगितलं होतं आणि मीटरवर ते तसंच येत होतं. खरं निघालं 3.86. साधारण 350 किलोमीटरच्या एकेरी फेरीत हा 13 लिटर डिझेलचा फरक आहे, आणि भाडं साडेचार धरून ठरलेलं.

कारण सोपं आहे, म्हणूनच चीड येते. गाडीला मुळात 41/7 चं क्राऊन-पिनियन (मागच्या एक्सलमधली दातेरी चाकांची जोडी) होतं, म्हणजे क्राऊनला 41 दात, पिनियनला 7, रेशो 5.86: चाकाच्या एका फेऱ्याला जॉइंटचे, म्हणजे गिअरबॉक्सपासून एक्सलपर्यंतच्या दांड्याचे, 5.86 फेरे. मधल्या कुठल्यातरी मालकाने घाटासाठी 41/6 (6.83) बसवलं आणि स्पीडोमीटर तसाच ठेवला. मीटरची चाल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकावरून येते, त्यामुळे त्यापुढे एक्सलमध्ये काय बदललं हे त्याला कळत नाही. जॉइंट जास्त फिरला की किलोमीटर जास्त. हिशोब बरोबर 7/6 चा आहे: रस्त्यावरच्या दगडांनी 60 किलोमीटर झाले तेव्हा मीटरने 70 मोजले. वेगही तसाच, काटा 70 वर आणि गाडी 60 ला. टायर इतके किलोमीटर चालले, ऑइल तितक्यावर बदललं, हे सगळे आकडेही त्याच मापाने फुगलेले असतात.

तेव्हा पहिली चाचणी दगडांची किंवा मोबाइलच्या जीपीएसची. 50 किलोमीटरला 58 दिसले की समजा. दुसरी चाचणी एक्सलचं हाउसिंग न उघडता होते. गाडी सपाटीवर लावा, बाकीच्या चाकांना दोन्हीकडून गुटके घाला, हवा पूर्ण भरून हँडब्रेक सोडा, गिअर न्यूट्रल. ड्राइव्ह एक्सलची एकच बाजू जॅकने उचला आणि खाली घोडी (आधाराचा स्टँड) द्या. दुसरी बाजू जमिनीवरच हवी. चाकावर आणि जॉइंटवर खडूची खूण करा. उचललेलं चाक 14 वेळा फिरवा. एक बाजू अडलेली असल्याने क्राऊन निम्मा, म्हणजे 7 वेळा फिरतो. जॉइंटचे फेरे 41 आले तर 41/7, 48 च्या जवळ आले तर 41/6, 36 आले तर 41/8. अर्ध्या तासाचं काम आहे. सौदा करण्याआधी करा.

आता बोरघाट. पळस्पे ते खोपोली यात सांगण्यासारखं काही नाही. घाटात मात्र कंटेनर बंद पडून रांग लागली आणि पुढचे काही तास पाच-दहा मीटर सरकायचं, थांबायचं, असं चाललं. इथे 41/6 ने क्लच वाचवला, हे मान्य करायलाच हवं. पहिल्या गिअरचा रेशो 9 च्या आसपास आणि 10.00 आर 20 टायर असतील, तर 700 आरपीएमवर 41/6 ची गाडी ताशी 2.2 किलोमीटरने सरकते, 41/8 ची 2.9 ने. फरक छोटा वाटतो, पण पुढचा ताशी दोनने सरकत असताना 41/8 वाल्याला प्रत्येक वेळी अर्ध्या क्लचवर खेळावं लागतं. भरल्या गाडीत, चढावर, तासन्‌तास. प्लेट जळाल्याचा वास रांगेत येतच होता.

रांग सुटल्यावरचा गैरसमज वेगळा. मोठा रेशो लावला की गाडी घाटात जोरात चढते, असं सगळे सांगतात. ते चूक आहे. चढणीचा वेग इंजिनाची ताकद आणि वजन ठरवतं. क्राऊन फक्त एवढंच ठरवतो की कुठला गिअर जागेवर बसेल. 5 टक्के चढ, मालासकट एकूण 25 टन, 180 अश्वशक्ती, 675 न्यूटन-मीटर टॉर्क, चौथा गिअर 1.8 आणि तिसरा 2.8 धरा. 41/6 ची गाडी चौथ्यात 1500 आरपीएमवर कशीबशी टिकते, वेग ताशी 23. एखादं वळण आलं, आरपीएम पडले, की बसलीच. 41/7 ला चौथा पेलतच नाही, तिसरा टाकावा लागतो, आणि 2200 वर ती ताशी 26 ने चढते. म्हणजे चढायला 41/7 काकणभर सरसच. ड्रायव्हरला गिअर वेळेत टाकता आला पाहिजे, इतकंच.

पुण्याच्या बायपासवरून कात्रजच्या नव्या बोगद्याकडची चढण आणि पुढे खंबाटकी, दोन्हीकडे हाच हिशोब. परतीला बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना गिअर काढू नका. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे तिथे काय करून बसतात ते सगळ्यांना माहीत आहे. 41/7 किंवा 41/8 असेल तर 41/6 वाल्यापेक्षा एक गिअर खालीच उतरा, कारण रेशो लहान झाला की इंजिनाचा अडसरही तेवढाच कमी होतो आणि सगळा भार ब्रेकच्या ड्रमवर जातो.

सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर: चांगला रस्ता, प्रश्न नाही. पण 41/6 चं खरं नुकसान इथेच. टॉप गिअरचा रेशो 1.00 असेल तर खऱ्या 60 च्या वेगाला 41/6 वर इंजिन 2135 फिरतं, 41/7 वर 1830, 41/8 वर 1600. दर 100 आरपीएमला साधारण 1 टक्का डिझेल, हा कामचलाऊ हिशोब. म्हणजे 41/7 परत बसवून 3 टक्के, 3.86 चे जेमतेम 4 होतील. क्राऊन बदलून लिटरमागे एक किलोमीटर वाढवून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. तसे पैसे सुटत नाहीत.

या मार्गावर 25 टनाला 41/7 घ्या. कुंभार्ली, आंबा असे घाट रोजचे असतील किंवा खाणीचं काम असेल तर 41/6 च राहू द्या. 41/8 सोलापूर-नागपूरच्या सपाटीला, हलक्या भरतीला ठीक, बोरघाटाच्या रांगेत नाही. बदलताना क्राऊन आणि पिनियन जोडीनेच घ्या, वेगवेगळ्या जोडीतले दात एकमेकांत बसत नाहीत आणि महिन्याभरात हुंकार सुरू होतो. मिस्त्रीला दातांवर शेंदूर लावून ठसा दाखवायला सांगा. ठसा दाताच्या मधोमध हवा, टोकाला किंवा मुळाशी असेल तर शिम (मधली पातळ चकती) बदलून पुन्हा. आणि त्याच दिवशी स्पीडोमीटर नव्या रेशोला जुळवून घ्या, नाहीतर पुढचा घेणारा याच जागी उभा राहील.