देवडीलगतचा दिवाणखाना

मोडी कागदांचं लिप्यंतर करून देणं हा माझा व्यवसाय. माझ्याकडे येणारे कागद बहुतेक जमिनीचे, नाहीतर कुणबी नोंद शोधणाऱ्यांचे. वाई भागातल्या एका घराण्याचं वाटणीपत्र मात्र वेगळं निघालं.

या घराकडे पूर्वी परगण्याचं देशपांडेपण, म्हणजे हिशेबाचं वतन होतं. वाटणीपत्र शके १७६६, क्रोधीनाम संवत्सरातलं. इसवी सन १८४४. वाड्याच्या माडीवरची दर्शनी खोली कोणाची, यावर आता घराण्याच्या थोरली आणि धाकटी पाती, म्हणजे शाखा, कोर्टात उभ्या होत्या. खोली होतीच तशी. सुरूदार खांब, महिरपी, वर लाकडी तक्तपोशी. घरातलं लहान पोरही तिला दिवाणखाना म्हणे. 'दिवाणखाना थोरले पातीकडे' असं कागदात आहे हे सगळ्यांना ऐकून माहीत होतं. कागद वाचता मात्र कुणालाच येत नव्हता.

वाचन वाड्यातच करायचं, असा मी आग्रह धरला. मोडीत आधी ओळ आखतात आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरं लिहीत जातात. शब्द तोडत नाहीत, म्हणून एक शब्द कुठं संपला आणि दुसरा कुठं सुरू झाला हे अर्थावरून लावावं लागतं. वाटणीच्या कागदाचा अर्थ घर डोळ्यांसमोर असलं की चटकन लागतो.

दोन्ही पात्या सतरंजीवर समोरासमोर बसल्या होत्या. मी मोठ्यानं वाचत गेले. विहीर, परसू, गोठा झाला आणि मग ती ओळ आली: 'दिवाणखाना खण ३ देवडीलगत, दप्तर व पेट्या सुद्धा, थोरले पातीकडे.' तिच्या खालीच होतं, 'माडीवरील बैठकीचा सोपा खण ५ उभयतां समाईक.'

कुणी काही बोललं नाही. मग वकीलसाहेब म्हणाले, "ताई, परत वाचा." मी परत वाचलं.

थोरल्या पातीचे काका उठलेच. "देवडीलगत? तिथं तर हळदीची पोती ठेवतो आम्ही. तो कसला दिवाणखाना?"

"काका, खण मोजून बघू," मी म्हटलं.

वाड्यात दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. जुन्या कागदांत घर याच मापानं मोजलेलं असतं. माडीवर पाच खण भरले. खाली पोती बाजूला सारून पाहिलं तर तीन. आणि भिंतीत ओळीनं फडताळं, त्यांच्या वर जाड खुंट्या. दप्तराचे कागद कापडात बांधून ठेवतात, त्या गाठोड्याला आमच्यात रुमाल म्हणतात. ती फडताळं रुमालांसाठीच केलेली दिसत होती. माझ्या अंगावर काटा आला. हा शब्द आपल्या सर्वांत जुन्या अर्थानं नांदत असलेली खोली मी पहिल्यांदाच पाहत होते.

वकीलसाहेबांना ते पटवणं भाग होतं. "दिवाणखाना म्हणजे बसाउठायची जागा, हे कोणीही सांगेल," त्यांचं म्हणणं. आजचा अर्थ तोच आहे. पण शब्द फारसीतला, आणि तिथं 'दीवान' म्हणजे आधी नोंदवही, दप्तर. खलिफा उमरनं सातव्या शतकात सैनिकांच्या वेतनाची नोंद ठेवायला जे खातं काढलं, ते दीवान. कवीच्या रचनांचा संग्रहही दीवानच. जकातीच्या कचेरीला फ्रेंचमध्ये दुआन म्हणतात, तो शब्दही याच कुळातला. पुढे दप्तर जिथं असतं ती कचेरी दीवान झाली, मग तिथं बसणारा अधिकारी, मग खुद्द राजसत्ता. आपल्या जुन्या कागदांत दिवाण म्हणजे सरकार. १७६५ मध्ये कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली, म्हणजे महसुलाचा अधिकार मिळाला. "तुमचा हा दावा दिवाणी का, तेही इथूनच येतं," मी त्यांना म्हटलं. सरकार जिथं लोकांना भेटतं तो दरबारी महालही दीवान झाला. दिल्ली-आग्र्याचे दिवाण-ए-आम, दिवाण-ए-खास सगळ्यांना माहीत आहेत. सरदार-वतनदारांनी पाहुणे बसवायची मोठी खोली त्या तोऱ्यात दिवाणखाना म्हणून मिरवली, आणि तिथून शब्द घरोघरी गेला. उस्मानी तुर्कांकडे भिंतीलगतच्या बैठकीला तेच नाव पडलं, ते युरोपात गेलं. आपल्या फ्लॅटमधला गादीचा दिवाण याच वाटेचा.

त्याच्याही मागे जावंसं वाटतं, कारण माझं रोजचं काम तिथं भेटतं. दीवानच्या मुळाशी प्राचीन इराणी 'दिपी', म्हणजे लेख, हा शब्द असल्याचं अभ्यासक मानतात. अशोकाच्या शाहबाजगढी आणि मानसेहरा इथल्या लेखांत 'दिपी' आहे, गिरनारला त्याच जागी 'लिपी'. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतला डबीर, ज्याला पुढे सुमंत म्हणू लागले, तोही मुळात दबीर, लिहिणारा. म्हणजे मोडी लिपी आणि दिवाणखाना हे दूरचे भाऊबंद. हे सांगताना मी थोडी वाहवत गेले असेन, पण धाकट्या पातीच्या सूनबाई वहीत सगळं लिहून घेत होत्या.

काकांचा चेहरा मात्र पडला होता. "म्हणजे आमच्या वाट्याला पोत्यांची खोली."

तसं नव्हतं, आणि ते त्यांना कळावं असं मला मनापासून वाटत होतं. देशपांड्यांच्या घरात दप्तर ज्याच्याकडे, वतनाचा पुरावा त्याच्याकडे. खांब-महिरपींची खोली समाईक ठेवून १८४४ मध्ये थोरल्याला जे दिलं गेलं, ते त्या घरातलं सगळ्यांत वजनदार होतं. त्याचा मान कागदानं पुरेपूर राखला होता.

काका बराच वेळ फडताळांकडे बघत राहिले. "मग दप्तर गेलं कुठं?"

१८५२ नंतर इनामांचे हक्क तपासणाऱ्या इंग्रजांच्या इनाम कमिशनच्या चौकशीत कितीतरी कागद सरकारकडे गेले. या घराचे त्यांत आहेत का, हे पुण्याच्या पुराभिलेखागारात शोधल्याशिवाय सांगता येणार नाही, असं मी म्हटलं.

लिप्यंतरात मी 'दिवाणखाना' तसाच ठेवला, खाली टिपेत जुना अर्थ आणि दोन्ही खोल्यांचे मोजलेले खण लिहिले, सही केली. दाव्याचं काय ते कोर्ट ठरवील. पुराभिलेखागाराचा अर्ज त्याच संध्याकाळी लिहिला. सूनबाई म्हणाल्या, "काका, मीही येते पुण्याला," आणि त्यावर दोन्ही पात्यांच्या सह्या झाल्या.