शिलेदार की बारगीर? टिटवीचे पहिले ४० किमी

झालं एकदाचं. रविवारी माझ्या टिटवी घोडीनं पहिले ४० किमी पुरे केले. मित्रमंडळींनीच आखलेली एन्ड्युरन्स दौड होती, म्हणजे लांब पल्ल्याची, जिच्यात फेरी संपली की डॉक्टर घोडा तपासतात आणि थकलेला दिसला तर बाद करतात. इंदूरजवळ खंडवा रोडवर सिमरोलच्या पुढे, २०-२० किमीच्या दोन फेऱ्या. वेळ सांगण्यासारखी नाही. सांगण्यासारखं हे की पहिली फेरी संपवून आली तेव्हा हृदयाचे ठोके मिनिटाला ६८ होते, आणि खोगीर काढून मानेवर पाणी मारलं तोवर सहाव्या मिनिटाला ५६. ठोके ६४ वर आणायचे असतात, त्याला हातात १५ मिनिटं. महूहून आलेल्या घोड्यांच्या डॉक्टरांनी ४० मीटर जा-ये दुडकी करवली, मिनिट भरताच पुन्हा मोजले. ५६च. ते काही बोलले नाहीत, कार्डावर टिक मारली. घोड्यांची निगा राखणारे आमचे मोतद्दार मामा मात्र दोन दिवस हाच आकडा सगळ्या पागेला ऐकवतायत.

बडोद्याचा आतेभाऊ महिनाभर मागे लागलाय, "दादा, तयार घोडा घेऊ की शिंगरू घेऊन घडवू?" माझ्याकडे दोन्ही आहेत, म्हणून ही नोंद जरा लांबणार.

मराठा फौजेत स्वतःचा घोडा घेऊन येणारा शिलेदार आणि सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा बारगीर. सरदार या माझ्या तयार घोड्यावर बसलो की मी बारगीरच असतो. दुसऱ्यानं घडवलेला घोडा, ११ वर्षांचा, ८० किमीच्या दोन दौडी पुऱ्या केलेला, राजस्थानातून साडेचार लाखांना आणला. पहिल्या महिन्यात त्यानंच मला शिकवलं. सुरुवातीला सगळे उधळतात तेव्हा हा कान मागे करून आपल्या चालीत जात राहतो आणि पंचविसाव्या किलोमीटरला त्यांना एकेक करून गाठतो. मी लगाम खेचायचो, तो ऐकायचा नाही, आणि बरोबर तोच असायचा.

मग मागच्या फेब्रुवारीत ६० किमीची दौड. दुसऱ्या तपासणीत बाद. लंगडला नव्हता, ठोकेही ६० होते. पण खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर उंचवटा तसाच उभा राहिला, आणि डाव्या कुशीला स्टेथोस्कोप लावून डॉक्टर बराच वेळ ऐकत राहिले. आतडी जवळपास गप्प. घोडा सकाळपासून पाणीच प्यायला नव्हता. दोन ठिकाणी बादली पुढे केली होती, त्यानं नाक लावून मान वळवली, आणि मला वाटलं तहान नसेल. घोड्याच्या घामातून पाण्याबरोबर मीठही भरपूर जातं, त्यामुळे कोरडा पडत असतानाही त्याला तहान लागेलच असं नाही. हे मला माहीत होतं. माहीत असून काय केलं, तर काही नाही.

रात्री जुन्या मालकाला फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "अरे, उसके पानी में मुट्ठी भर चोकर डालना पड़ता है. बताया नहीं था क्या?" चोकर म्हणजे कोंडा.

नव्हतं सांगितलं. मीही विचारलं नव्हतं. पदकं पाहिली, पाय चाचपले, ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाचा रिपोर्ट मागून घेतला. वही मागितली नाही. तयार घोडा घेताना माझ्या मते पहिली मागायची ती वही: काय खातो, कुठे बिचकतो, पाणी कसं पितो, कुठल्या पायाचा नाल आधी झिजतो. वही नसेल तर मालकाबरोबर दोन दिवस राहा. तेही जमत नसेल तर किंमत पाडून मागा, कारण अर्धाच घोडा मिळतोय.

टिटवीचं उलटं. ती सारंगखेड्याच्या यात्रेतली. पुढे ढोलावर मागच्या पायांवर नाचणारे मारवाडी घोडे आणि त्यांच्याभोवती गर्दी, मागे ही काडीच्या पायांची घोडी. भोवरा अशुभ जागी म्हणून कुणी बघत नव्हतं. तोंड उघडून पाहिलं तर पुढचे दात सगळे दुधाचे, म्हणजे अडीच वर्षांच्या आतली. सत्तर हजार.

स्वस्त पडली असं वाटत असेल तर हिशेब ऐका. चारा, खुराक, नालबंदी, मामांच्या पगारातला तिचा वाटा मिळून महिन्याला १४ हजार. चार वर्षांचे ६ लाख ७२ हजार. सरदारपेक्षा महाग पडली, आणि पहिली दोन वर्षं तर मी तिला नुसती हातानं फिरवत होतो. वयाच्या चौथ्या वर्षी खोगीर, तेही आठवड्यातून तीन दिवस, बहुतेक चालच.

चूक केली ती पाचव्या वर्षी. रोज ठोके मोजायचो, १२ किमीनंतर दहा मिनिटांत ५२. वाटलं, घोडी तयार! एकाच पंधरवड्यात अंतरही वाढवलं आणि वेगही. एका सकाळी मामांनी खरारा करताना हात थांबवला आणि मला म्हणाले, "इथं हात लावा." उजव्या पुढच्या पायाच्या नळीच्या मागे कोमट. सूज डोळ्याला दिसतही नव्हती. सोनोग्राफीत शिरेला, म्हणजे टेंडनला, इजा. आठ आठवडे फक्त चालवणं, मग सगळं पहिल्यापासून. हृदय काही महिन्यांत तयार होतं, शिरा आणि हाडं वर्षं मागतात, आणि मी हृदयाकडे बघून पायांचा अंदाज बांधत होतो. एफईआयच्या, म्हणजे घोडेस्वारीच्या जागतिक महासंघाच्या, १६० किमीच्या तीन-तारा स्पर्धेला घोडा किमान ८ वर्षांचा लागतो, ती अट मला पूर्वी उगाच कडक वाटायची.

त्यात आपली काळी माती. पावसाळ्यात नाल मागे राहतो आणि घोडा पुढे जातो, म्हणून जून ते सप्टेंबर फक्त मुरमाचा रस्ता.

तर आतेभावाला सांगितलं: तू अजून स्वतः ४० पुरे केलेले नाहीस, म्हणून बारा-तेरा वर्षांचा शांत, तयार घोडा घे. शिंगरू आत्ता नको. नवशिका स्वार आणि नवशिकं शिंगरू, दोघंही एकमेकांकडून चुकाच शिकतात. त्याला हे आवडलेलं नाही. त्यानं काठियावाडी शिंगरांचे फोटो पाठवणं चालूच ठेवलंय.

रविवारी शेवटच्या तपासणीनंतर एका गृहस्थांनी टिटवीची किंमत विचारली. विकायची नाही म्हटलं, तरी हटेनात. "रेकॉर्ड तो दिखाओ." मी गाडीतून वही आणून दिली, चार वर्षांची, कोंड्याचे डाग पडलेली. त्यांनी पहिलंच पान वाचलं आणि वर बघितलं.

"ये क्या, बकरी से डरती है?"


पुढची ६० दिवाळीनंतर. नालबंद गुरुवारी येतोय.